यंत्र आले, चालवणारा कुठे आहे?

इमारतीचा स्लॅब भरला जात असताना रस्त्यावरून जाणाऱ्याला त्यातले फारसे काही दिसत नाही. फाटकाबाहेर फिरत्या पिंपांच्या गाड्या रांगेने उभ्या असतात, आत कुठेतरी एक यंत्र ठरावीक लयीत धडधडत असते आणि वर, अकराव्या-बाराव्या मजल्यावर, गमबूट घातलेली दहा-पंधरा माणसे राखाडी माल पसरत असतात. खालच्या यंत्रापाशी एक माणूस उभा असतो. त्याची एक नजर हॉपरमध्ये, दुसरी दाबमापकाच्या काट्यावर असते आणि कान सतत यंत्राच्या आवाजाकडे लागलेले असतात. हा काँक्रीट पंपाचा ऑपरेटर. त्याने काम चोख केले तर त्याची दखल कोणी घेत नाही. त्याच्या हातून चूक झाली, तर वर उभ्या असलेल्या माणसांच्या जिवावर बेतू शकते. आणि जीव वाचले तरी त्या स्लॅबमध्ये एक कायमचा दुबळा सांधा राहून जाऊ शकतो.

गेल्या तीन दशकांत मुंबई, ठाणे, नवी मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर या शहरांची उंची वाढली ती बऱ्याच अंशी या यंत्राच्या जोरावर. बूम असलेला पंप घ्यायचा तर किंमत कोटीच्या घरात जाते. कर्ज काढून तो विकत घेता येतो, भाड्याने आणता येतो, परदेशातून मागवताही येतो. तो नीट चालवणारा माणूस मात्र असा मागवता येत नाही. 'चांगला ऑपरेटर मिळत नाही, मिळाला तर टिकत नाही,' ही पंप भाड्याने देणाऱ्यांची नेहमीची तक्रार आहे. ती खरीच आहे. पण या टंचाईची कारणे शोधू गेले, तर त्यांतील बरीचशी तक्रार करणाऱ्यांच्याच अंगणात सापडतात.

घमेल्यापासून पंपापर्यंत

स्लॅब भरणे म्हणजे सकाळपासून चाललेली झुंबड, हे दृश्य मध्यमवयीन वाचकांना आठवत असेल. खाली मिक्सर, वर जाणारा लाकडी उतार किंवा हॉइस्ट आणि डोक्यावरून डोक्यावर जाणारी घमेली. तीन-चार मजल्यांच्या इमारतींना ही पद्धत पुरत असे. १९९० च्या दशकात मुंबईत व्यापारी तत्त्वावर तयार काँक्रीटचे, म्हणजे आरएमसीचे, कारखाने सुरू झाले आणि चित्र बदलले. २००२ साली या व्यवसायाची रेडी मिक्स्ड काँक्रीट मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन ही देशपातळीवरील संघटनाही स्थापन झाली. कारखान्यातून तासाला कित्येक घनमीटर माल येऊ लागला, तेव्हा तो वर चढवायला घमेली पुरेनात. पंप अपरिहार्य झाला.

हे यंत्र मुळात जर्मन अभियांत्रिकीच्या परंपरेतले. आज मात्र त्याचे उत्पादन आपल्या दारातच होते. गोव्यात वेर्णा येथे, पुण्याजवळ चाकणला आणि चेन्नईच्या परिसरात काँक्रीट पंप तयार करणाऱ्या कंपन्यांचे कारखाने आहेत. तेव्हा यंत्राची टंचाई हा प्रश्न उरलेला नाही. दुबईच्या बुर्ज खलिफाच्या बांधकामात २००८ साली काँक्रीट ६०६ मीटर उंचीपर्यंत पंपाने चढवले गेले, तर ऑगस्ट २००९ मध्ये आपल्या हिमाचल प्रदेशातील पार्वती जलविद्युत प्रकल्पात ते ७१५ मीटर चढवण्यात आले. म्हणजे हे अवघड कामही आपल्या देशात पार पडू शकते. त्यासाठी लागणारी माणसे घडवण्याची व्यवस्था मात्र आपण उभारलेली नाही.

कानाने चालणारे यंत्र

या कामात कौशल्य कसले, असा प्रश्न कुणालाही पडावा. बटण दाबले की माल वर जातो, इतकेच तर आहे! म्हणून यंत्राच्या पोटात काय चालते, हे थोडे पाहू.

पंपाच्या मागे हॉपर असतो. मिक्सरच्या गाडीतला माल त्यात पडतो आणि आतली पाती तो सतत ढवळत राहतात. हॉपरच्या तळाशी दोन सिलिंडर. एक सिलिंडर माल आत ओढत असतो, त्याच वेळी दुसरा माल नळीत ढकलत असतो. मग दोघांची कामे उलट होतात. माल कोणत्या सिलिंडरमधून नळीत जायचा, हे ठरवणारी इंग्रजी 'एस' अक्षराच्या आकाराची वाकडी नळी दर खेपेला इकडून तिकडे झुलते. तीच ती दुरून ऐकू येणारी धडधड.

नळीचा व्यास साधारण १२५ मिलिमीटर असतो. त्यातून खडी, वाळू, सिमेंट आणि पाणी यांचे मिश्रण पाण्यासारखे वाहत नाही. ते एखाद्या लांबलचक दट्ट्यासारखे पुढे सरकते. नळीच्या आतल्या कडेला सिमेंटच्या राबडीचा एक पातळ थर तयार होतो आणि त्या ओलाव्यावरून मधला गाभा घसरत जातो. म्हणूनच पंप सुरू करताना आधी सिमेंटची राबडी सोडून नळी आतून ओली करून घ्यावी लागते. हा थर टिकला तर माल शंभर मीटर उंच जातो. तो तुटला, दाबामुळे पाणी पुढे निसटले आणि खडी मागे राहिली, की दगडाला दगड भिडतो आणि लाइन जाम होते.

जाम होण्याआधी यंत्र सूचना देते. पण ती फक्त जाणकाराला कळते. दाबमापकाचा काटा नेहमीपेक्षा थोडा वर जातो, ठोक्यांमधले अंतर बदलते, नळी अंग झटकल्यासारखी हलते. अनुभवी ऑपरेटर त्याच क्षणी पंप उलटा फिरवतो. दोन-तीन ठोके माल मागे हॉपरमध्ये ओढून घेतो, ढवळतो आणि मग सावकाश पुढे सोडतो. नवखा माणूस नेमके याच्या विरुद्ध करतो. माल जात नाही म्हणून तो जोर वाढवतो आणि सैल असलेला बोळा घट्ट करून ठेवतो. मग नळीवर हातोडी मारत, कुठे भरीव आवाज येतो ते ऐकत जाम शोधावा लागतो, दाब उतरवून क्लॅम्प सोडावे लागतात आणि नळीचा तुकडा काढून रिकामा करावा लागतो.

यात जाणाऱ्या वेळेची किंमत उदाहरणाने स्पष्ट होईल. १२० घनमीटरचा एक स्लॅब धरू. ६ घनमीटरच्या २० गाड्या लागतील. तासाला २० घनमीटर या गतीने काम सहा तासांचे, म्हणजे दर १८ मिनिटांनी एक गाडी. लाइन दीड तास जाम राहिली तर पाच गाड्या, म्हणजे ३० घनमीटर माल, रांगेत उभा राहतो. तयार काँक्रीटविषयीच्या आयएस ४९२६ या मानकानुसार, गाडीत माल भरल्यापासून साधारणतः दोन तासांच्या आत ती रिकामी व्हायला हवी. मंदक रसायने वापरली तरच ही मुदत वाढवता येते. कारखान्यापासून यायला पाऊण तास लागला असेल, तर रांगेतल्या पहिल्या गाडीची मुदत तिथेच उलटते. वर स्लॅबवर आधी टाकलेला माल तोवर आवळू लागतो. त्यावर नंतर टाकलेला नवा माल जुन्याशी एकजीव होत नाही आणि दोहोंमध्ये फट राहते. 'कोल्ड जॉइंट' म्हणतात तो हाच. पुढे काही पावसाळ्यांनी त्या घराच्या छतावर ओल धरते, तेव्हा तिचा संबंध त्या रात्रीच्या दीड तासाशी कोणी जोडत नाही.

याच घाईत आणखी एक पाप घडते. माल घट्ट झाला की कुणीतरी गाडीच्या पिंपात किंवा हॉपरमध्ये पाण्याची नळी सोडतो. माल पातळ होतो, पंप सुरळीत चालतो, सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. पण हिशेबाबाहेरच्या त्या पाण्याने काँक्रीटची ताकद घटलेली असते. हॉपरमध्ये पडणाऱ्या प्रत्येक गाडीचा माल डोळ्यांनी पाहणारा शेवटचा माणूस ऑपरेटरच असतो. म्हणजे तो यंत्रचालक तर आहेच, शिवाय नकळत गुणवत्तेचा पहारेकरीही आहे.

दाब, वजन आणि जीव

दुसरी बाजू धोक्याची. काँक्रीटचे वजन घनमीटरला सुमारे २,४०० किलो. १२५ मिलिमीटरच्या नळीत दर मीटरला जवळजवळ ३० किलो माल असतो. ३६ मीटरच्या बूमच्या नळीत, बूमचे स्वतःचे वजन सोडून, एक टनाहून अधिक माल आकाशात तोलून धरलेला असतो. १०० मीटर उंचीच्या उभ्या नळीत तळाशी नुसत्या मालाच्या वजनाचाच दाब २३-२४ बार होतो, म्हणजे मोटारीच्या चाकातील हवेच्या दाबाच्या दहापट. घर्षणाचा दाब त्याहून वेगळा.

अशा नळीत हवा अडकली तर ती आवळली जाते आणि वाट मिळताच सुटते. त्या झटक्याने टोकाची रबरी होज चाबकासारखी फिरते. तिच्याजवळ उभा असलेला मजूर फेकला जातो. स्लॅबच्या कडेला असला तर खाली जातो. पंप सुरू करताना, जाम काढल्यावर पुन्हा माल सोडताना आणि हवेच्या दाबाने नळी साफ करताना हा धोका सर्वाधिक असतो. या तिन्ही वेळी होजच्या टोकापासून माणसे दूर आहेत की नाहीत, हे पाहिल्याशिवाय पुढे जायचे नाही, हा ऑपरेटरच्या कामाचा पहिला नियम.

बूमच्या गाडीला चार पाय असतात. ते आउटरिगर पूर्ण बाहेर काढून, खाली भक्कम ठोकळे ठेवून गाडी उचलावी लागते. आपल्या शहरांत मोकळी, घट्ट जमीन मिळते कुठे? खाली भरलेले जुने गटार असते, शौचालयाची टाकी असते किंवा पलीकडेच तळघराचा खड्डा असतो. एका बाजूला जागा नाही म्हणून पाय अर्धाच बाहेर काढला आणि बूम त्याच बाजूला फिरवला, तर गाडी कलंडते. डोक्यावरून विजेच्या तारा गेलेल्या असतील तर बूमचा त्यांना स्पर्श होण्याचीही गरज नसते. नुसते जवळ जाणे पुरेसे ठरते. शिवाय 'बूम रिकामाच आहे, तेवढी सळयांची जुडी वर द्या' अशी फर्माईश असतेच. बूम म्हणजे क्रेन नव्हे, हे सांगायचे धैर्य ऑपरेटरपाशी असावे लागते.

माणूस येतो कुठून?

एवढी जबाबदारी ज्याच्यावर, तो माणूस या कामात येतो कसा? बहुधा योगायोगाने. गावाकडचा कुणीतरी आधीच पंपावर असतो, तो आपल्या भावाला किंवा भाच्याला हेल्पर म्हणून घेऊन येतो. बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश, ओडिशा, पश्चिम बंगाल येथून आलेली कितीतरी मुले याच वाटेने पंपावर पोहोचली आहेत. हेल्पर नळ्या वाहतो, क्लॅम्प लावतो, हॉपर धुतो, ग्रीस भरतो. उस्ताद जेवायला गेला की लिव्हरला हात लावून पाहतो. एके दिवशी उस्ताद दुसरीकडे जातो आणि मालक या मुलाला म्हणतो, 'आता तूच चालव.' अशा रीतीने तो ऑपरेटर होतो. कोणती परीक्षा नाही, कोणता दाखला नाही.

ही वाट सर्वस्वी वाईट आहे असे नाही. सुतार, गवंडी, लोहार आपल्याकडे असेच तयार होत आले आहेत. परंतु गवंड्याची भिंत वाकडी झाली तर ती पाडून पुन्हा बांधता येते. दाबाखालच्या नळीपाशी ती सवलत नाही. शिवाय उस्तादाकडून विद्येबरोबर त्याच्या खोडीही येतात. जाम निघत नसेल तर दाब वाढवावा, झीज झालेली नळी आणखी एक स्लॅब ओढून न्यावी, ही 'युक्ती' म्हणून पुढे दिली जाते.

कायद्याची स्थितीही विचित्र आहे. बूम पंपाची गाडी रस्त्यावरून नेण्यासाठी अवजड वाहनाचा परवाना लागतो. पण गाडी जागेवर लावून तीस-चाळीस मीटरचा बूम माणसांच्या डोक्यावरून फिरवण्याची क्षमता तो परवाना तपासत नाही. परदेशांत ही उणीव उद्योगानेच भरून काढली. अमेरिकेत १९७४ साली स्थापन झालेल्या काँक्रीट पंप व्यावसायिकांच्या संघटनेने ऑपरेटरांसाठी प्रमाणपत्राची पद्धत रूढ केली. ब्रिटनमध्ये बांधकाम यंत्रांच्या चालकांना दिल्या जाणाऱ्या क्षमतापत्रांत काँक्रीट पंपाचा स्वतंत्र प्रकार आहे.

आपल्याकडे काहीच नाही असे नव्हे. बांधकाम यंत्रांच्या उद्योगासाठी इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिल ही संस्था आहे आणि काँक्रीट पंप ऑपरेटर या कामाचा समावेश तिने ठरवलेल्या व्यवसायांत आहे. शाळेची पायरी न चढता काम शिकलेल्यांच्या कौशल्याची परीक्षा घेऊन त्यांना प्रमाणपत्र देण्याची तरतूदही कौशल्य योजनांत आहे. पंपाचे उत्पादक यंत्र विकताना चालकांना प्रशिक्षण देतात. पण कामाच्या निविदेत 'प्रमाणित ऑपरेटरच हवा' अशी अट नसेल, तर ते प्रमाणपत्र मिळवण्यासाठी ठेकेदार आपला माणूस आठवडाभर कामावरून मोकळा कशाला करील? आणि पगारात फरक पडणार नसेल, तर तो माणूस तरी कशाला जाईल?

घडवायचा कसा?

निवडीपासूनच सुरुवात करावी लागेल. चांगला वाहनचालक चांगला पंप ऑपरेटर होतोच असे नाही. या कामाला धांदरटपणा चालत नाही, तसाच फाजील आत्मविश्वासही चालत नाही. जो मुलगा सांगण्याआधी हॉपरची जाळी जागेवर बसवतो, नळीवर हात ठेवून धक्का ओळखतो आणि 'मला कळले नाही' असे म्हणायला लाजत नाही, तो निवडावा. आपल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून डिझेल मेकॅनिक, फिटर आणि वीजतंत्री होऊन बाहेर पडणारी मुले या कामाला फार उपयोगी आहेत. तेलदाबाची यंत्रणा, वीज आणि इंजिन या तिन्ही गोष्टी पंपात एकत्र येतात. तरीही मराठी मुले या वाटेला फारशी फिरकत नाहीत, कारण बांधकामावरचे काम म्हणजे बिगारी काम हा समज आपल्या मनात पक्का आहे. कारखान्यातील यंत्रापाशी उभा असलेला 'तंत्रज्ञ' ठरतो आणि स्लॅबखालच्या यंत्रापाशी उभा असलेला 'लेबर'!

प्रशिक्षणाचा क्रम सावकाशीचा असावा. पहिले काही महिने नळ्या अंथरणे, क्लॅम्प आणि बेंड तपासणे, नळीची झीज मोजणे, यंत्र धुणे. पंप धुणारा मुलगाच त्याची अंतर्रचना ओळखू लागतो. मग हॉपरवर उभे राहून मालाची पारख. किती घट्ट माल चालेल, खडी वेगळी पडू लागली हे कसे ओळखायचे, कोणती गाडी परत पाठवायची. त्यानंतर उस्तादाच्या देखरेखीखाली स्थिर लाइन पंप. बूम सर्वांत शेवटी. तोही आधी पाण्यावर, मोकळ्या मैदानात. या सगळ्याला वर्षभर तरी द्यायला हवे. आठवड्याच्या वर्गाने प्रमाणपत्र मिळेल, पण यंत्राच्या आवाजातला फरक ओळखणारा कान तयार होणार नाही.

भाषेचाही प्रश्न आहे. यंत्राची माहितीपुस्तिका बहुधा इंग्रजीत असते आणि ती कार्यालयाच्या कपाटात असते. ज्याने ती वाचायची, त्याच्या हाती ती त्याच्या भाषेत, चित्रांसह द्यायला काही फार खर्च येत नाही. तसेच जो उस्ताद शिकवतो त्याला शिकवण्याचा मोबदला वेगळा मिळायला हवा. नाहीतर नवा माणूस तयार करणे म्हणजे आपल्याच पोटावर पाय आणणे, असे त्याला वाटते आणि तो हातचे राखून शिकवतो. त्यात त्याचा तरी काय दोष?

टिकवायचा कसा?

'शिकवले की पळून जातो,' ही मालकांची सर्वांत मोठी भीती. तिच्यापोटी अनेक जण शिकवतच नाहीत. शेजाऱ्याने शिकवलेला माणूस चार पैसे जास्त देऊन उचलतात. शेजारीही मग तेच करतो. परिणामी माणसे इकडून तिकडे फिरत राहतात, एकूण संख्या मात्र वाढत नाही. चांगल्यातले चांगले ऑपरेटर आखाती देशांत निघून जातात, कारण तिथे त्यांच्या कामाला नाव आहे आणि त्या नावाला दर आहे.

पगार हा मुद्दा आहेच. पण तो एकटा नाही. या माणसाचा दिवस कसा असतो ते पाहावे. शहरात दिवसा अवजड गाड्यांवर निर्बंध असतात आणि उन्हात काँक्रीट लवकर आवळते, म्हणून मोठे स्लॅब अनेकदा संध्याकाळी सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतात. काम संपले की बाकीचे निघून जातात, ऑपरेटर मात्र थांबतो. कारण नळीत आणि हॉपरमध्ये राहिलेला माल त्याच वेळी धुऊन काढला नाही, तर सकाळी तो दगड झालेला असतो. धुणे संपते न संपते तोच दुसऱ्या साइटवरून फोन. झोप कुठे? बहुधा गाडीच्या केबिनमध्ये. सलग दोन रात्री जागलेल्या माणसाच्या हाती आपण टनभर वजनाचा बूम देतो आणि अपघात झाला की 'ऑपरेटरची चूक' असे लिहून मोकळे होतो.

त्यामुळे टिकवण्याचे उपाय साधेच आहेत. प्रत्येक पंपावर दोन ऑपरेटरांची पाळी. दोन कामांमध्ये ठरलेली विश्रांती. जास्तीच्या तासांचा हिशेब कागदावर आणि महिन्याच्या महिन्याला. राहायला धड खोली, वर्षातून एकदा पगारी रजा आणि गावी जाण्याचे भाडे. २०२० च्या टाळेबंदीत बांधकामे थांबली आणि कामगार मिळेल त्या मार्गाने गावी परतले. त्या काळात ज्यांनी आपल्या माणसांना जेवू घातले आणि पगार दिला, त्यांना पुन्हा माणसे गोळा करताना इतरांएवढी वणवण करावी लागली नसेल, हे सांगायला पाहणी अहवाल नको.

आणखी एक गोष्ट नोंदीची. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली केंद्राने कायदा केला आणि बांधकामाच्या खर्चावर उपकर घेऊन त्यातून कल्याण मंडळे चालवण्याची पद्धत सुरू झाली. महाराष्ट्रातही असे मंडळ आहे. पण त्यात नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. पंपाचा ऑपरेटर आज एका साइटवर तर उद्या दुसऱ्या. मालक भाड्याने पंप देणारा, काम तिसऱ्याचे. दाखला कोणी द्यायचा? विमानाच्या वैमानिकाकडे उड्डाणाच्या तासांची वही असते. तशी एक वही ऑपरेटरलाही द्यावी. किती घनमीटर, किती उंची, कोणते यंत्र, किती तास, कोणाची सही. तिने त्याच्या अनुभवाला कागदी आधार मिळेल आणि घेणाऱ्यालाही माणूस पारखून घेता येईल.

'थांबवा' म्हणण्याचा अधिकार

शोधणे, शिकवणे, टिकवणे या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी मात्र एकच गोष्ट आहे. ऑपरेटरने 'थांबवा' म्हटले, तर काम थांबते का?

जमीन खचते आहे, मी बूम उघडणार नाही. हा माल दोन तासांपेक्षा जुना आहे, ही गाडी परत जाऊ द्या. नळी झिजली आहे, बदलल्याशिवाय दाब देणार नाही. मी काल रात्रभर जागा आहे, आज दुसरा माणूस बोलवा. ही चार वाक्ये बोलता येणे, हेच या कामातले खरे कौशल्य. लिव्हर ओढणे कुणीही शिकेल. पण आपल्या साइटवरच्या उतरंडीत ऑपरेटर सर्वांत खालच्या पायरीवर उभा असतो. वर अभियंता, त्याच्यावर ठेकेदार, त्याच्यावर बिल्डर आणि त्याच्यावर ताबा कधी मिळणार म्हणून विचारणारे ग्राहक, म्हणजे आपण. या सगळ्यांची घाई उतरत उतरत त्या एका माणसापाशी येते. त्याने नकार दिला तर उद्या पंप दुसऱ्याचा येतो. मग तो मान खाली घालतो, पाण्याची नळी हॉपरमध्ये सोडू देतो आणि मनातल्या मनात दुसरी नोकरी शोधू लागतो.

ज्याच्या निर्णयाला किंमत नाही, तो निर्णय घ्यायला शिकत नाही; आणि जो शिकला, तो अशा जागी राहत नाही. ऑपरेटरच्या टंचाईचे मूळ इथे आहे. ते दूर करायला मोठी योजना लागत नाही. कामाच्या करारात दोन ओळी पुरेत. ऑपरेटर प्रमाणित असावा, आणि सुरक्षिततेच्या किंवा मालाच्या कारणावरून त्याने काम थांबवल्यास त्याचा भुर्दंड त्याच्यावर किंवा त्याच्या मालकावर पडू नये. सरकारी बांधकामांच्या निविदांत या दोन ओळी आल्या, तर खासगी कामांत यायला फार काळ लागणार नाही.

आणि ग्राहकही अगदीच हतबल नाही. घर घेताना आपण फरशी कोणती, नळ कोणत्या कंपनीचे, लिफ्ट किती माणसांची, हे खोदून खोदून विचारतो. पुनर्विकासाला निघालेल्या सोसायट्या तर करारात रंगाचे हातही मोजून लिहून घेतात. त्याच यादीत आणखी एक प्रश्न घालायला हरकत नाही : आमचा स्लॅब भरताना पंपावर कोण उभा असेल, त्याच्याजवळ प्रमाणपत्र आहे का, आणि त्याने थांबवा म्हटले तर तुम्ही थांबाल का?